घड्याळ कुणी सुरू करायचं?

संकष्टीला कॅलेंडरचं पान उलटलं की चंद्रोदयाचा तक्ता सापडतो. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, पणजी अशी गावांची नावं आणि प्रत्येकासमोर वेगळी वेळ. नागपुरात उपास मुंबईच्या बराच आधी सुटतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. राज्य एक, घड्याळ एक, पण चंद्र ज्याच्या त्याच्या गावच्या वेळेला उगवणार, हे आपण निमूट मान्य केलेलं आहे.

एरवी मात्र काट्याने नऊ दाखवले की गडचिरोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सारखेच नऊ वाजले असं आपण धरून चालतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सबंध महाराष्ट्र त्या रेषेच्या पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं. मुंबई जवळपास पावणेदहा अंश मागे, म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांनी. गडचिरोलीला हाच फरक जेमतेम दहा मिनिटांचा. पंचांगकर्त्यांना हे पाठ असतं. शासनाचे निर्णय लिहिणाऱ्यांना ते आठवतं असं दिसत नाही.

ही ३९ मिनिटं एके काळी मुंबईत दगडफेकीचं कारण झाली होती. १ जानेवारी १९०६ पासून देशाला नवी प्रमाणवेळ लागू झाली आणि सरकारी घड्याळं पुढे सरकली. पहिल्याच आठवड्यात काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद ठेवलं, गिरणीवर दगड फेकले, आणि आमची जुनी वेळ परत द्या अशी मागणी केली. महिना संपायच्या आत पंधरा हजारांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. महापालिकेने तर ठराव करून ‘बॉम्बे टाइम’ पुन्हा धरला, आणि स्वातंत्र्य मिळून गेल्यावरही काही वर्षं शहरात दोन्ही वेळा नांदत होत्या. कुणी भेटायची वेळ दिली की ‘कुठल्या घड्याळाने?’ असं विचारावं लागायचं.

याची एक रंगीत तालीम आधीच होऊन गेली होती. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावून पाहिली. मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे, आणि रेल्वे त्याच वेळेवर चाले. शहराने दाद दिली नाही आणि दोनेक वर्षांत सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ते याच गृहस्थांच्या नावाचं. तिथल्या विद्यार्थ्यांना सकाळच्या पहिल्या तासाला उशीर झाला तर हा इतिहास कामी यावा.)

हा सगळा प्रकार भाबडा हट्ट किंवा निव्वळ ब्रिटिशविरोध म्हणून सांगायची पद्धत आहे. त्यात राजकारण होतंच. नुकतीच बंगालची फाळणी झाली होती आणि सरकारने वरून लादलेलं काहीही गिळायला लोक तयार नव्हते. पण गिरणी कामगाराच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट अगदी रोकडी होती. विजेचे दिवे येण्याआधी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. सूर्य मावळला की साचे बंद, आणि मालकाचाही त्यापुढे इलाज नसे. १९०५च्या सुमाराला गिरण्यांतून विजेचे दिवे आले आणि कामाचे तास तेरा-चौदाच्याही पुढे जाऊ लागले, त्यावरून गिरणगावात आधीच असंतोष होता. अशात कुणीतरी घड्याळच पुढे ढकललं. भोंगा त्याच आकड्याला वाजणार, पण उठायचं ३९ मिनिटं आधी, अंधारात. मालकाच्या हिशेबात काहीच बदललं नव्हतं. कामगाराच्या हिशेबात पहाट गेली होती. दोघांची घड्याळं अचूक होती आणि दोघंही खरं बोलत होते. वाद होता तो काट्याला कुणाच्या दारातून पाहायचं, याचा.

वेळ मोजताना घड्याळ किती अचूक आहे याची आपण अतोनात काळजी घेतो. ते कुठल्या क्षणी आणि कुणाच्या सोयीने चालू केलं, हे मात्र विचारत नाही. सार्वजनिक कारभारात या दुसऱ्या प्रश्नाचं वजन जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे.

शाळेचंच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही हे त्यामागचं कारण, आणि ते योग्यच होतं. जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. सातच्या शाळेसाठी सहाला उठवलेलं पोर सूर्याच्या हिशेबाने भल्या पहाटे उठवलेलं असतं. भारतातल्या मुलांच्या झोपेवर अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांचा अभ्यास आहे. सूर्यास्त तासाभराने उशिरा असेल तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात, असं त्यात दिसलं. रात्री अंधार उशिरा पडतो म्हणून झोप उशिरा लागते आणि शाळेची घंटा कुणासाठी थांबत नाही, इतकं साधं आहे ते. निर्णयाला विरोध झाला तो दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांचा आणि स्कूलबसवाल्यांचा. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या वादात बसच्या फेऱ्यांचा हिशेब मिनिटामिनिटाने मांडला गेला आणि मुलाची झोप मात्र ‘पालकांनी रात्री लवकर झोपवावं’ या एका वाक्यात निकालात निघाली. आणि निर्णय स्वागतार्ह असला तरी मुंबईचे नऊ आणि गडचिरोलीचे नऊ यांत सूर्याच्या हिशेबाने अर्ध्या तासाचं अंतर आहे, ही गोष्ट त्यात कुठेच नाही.

‘वेळ कशी गेली कळलं नाही’ आणि ‘वेळ जाता जात नाही’ ही दोन्ही वाक्यं आपण एकाच दिवसात म्हणतो, तरी माणसाला जाणवणारी वेळ ही मनाची लहर आहे, तिचा हिशेबात काय उपयोग, असंच आपल्याला वाटतं. ती लहर किती दूर जाऊ शकते हे १९६२ मध्ये मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूशास्त्रज्ञाने स्वतःवर करून पाहिलं. आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत तो घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. वर तंबूत त्याचे साथीदार होते. उठल्यावर, झोपताना तो त्यांना फोन करी, पण किती वाजले हे त्यांनी सांगायचं नाही असं ठरलेलं. सेकंदाला एक या गतीने त्याने एक ते १२० आकडे मोजायचे, अशी एक चाचणी होती. दोन मिनिटांच्या त्या कामाला त्याला पाच मिनिटं लागली. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर यायला सांगितलं तेव्हा त्याच्या वहीत २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस हिशेबातून गळाले होते. पण त्याच्या झोपेच्या आणि जागेपणाच्या नोंदी तपासल्या तर त्याचं शरीर चोवीस तासांहून थोड्याशाच मोठ्या चक्रात नेमाने चाललेलं होतं. मन चुकलं, शरीर चुकलं नव्हतं. गिरणी कामगाराची पहाट आणि शाळकरी पोराची झोप ही लहर नव्हे, असं मी म्हणतो ते यामुळे.

अंधारातले रिकामे दिवस आठवणीत आखडतात. रांगेत मात्र उलट घडतं, कारण रांगेतल्या माणसाचं सगळं लक्ष वेळेवरच असतं. किती थांबायचं हे माहीत नसेल, का थांबायचं हे कुणी सांगत नसेल आणि आपल्यामागून आलेला पुढे जाताना दिसत असेल, तर तेवढीच मिनिटं आणखी लांबतात.

मग अशा भरवशाच्या नसलेल्या जाणिवेचा मापनात काय उपयोग? खगोलशास्त्राला हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी पडला होता. ग्रिनिच वेधशाळेत तारा दुर्बिणीतली तार कधी ओलांडतो, हे डोळ्यांनी पाहत आणि लंबकाचे ठोके कानांनी ऐकत नोंदवायचं असे. वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्कलिन यांच्या लक्षात आलं, की त्यांचा साहाय्यक डेव्हिड किनब्रुक याची वेळ त्यांच्यापेक्षा जवळपास ०.८ सेकंद उशिराची येते. समज देऊन झाली, फरक पडेना. १७९६ मध्ये किनब्रुकला काढून टाकलं. दोघांच्या नोंदींत तफावत असेल तर चूक साहाय्यकाचीच असणार, यात मॅस्कलिनना शंका नव्हती. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी ही हकीकत वाचली आणि नामांकित निरीक्षकांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. मुरलेल्या खगोलज्ञांतही एक सेकंदाहून जास्त फरक निघाला. पाहणं आणि ऐकणं यांची सांगड प्रत्येकाचा मेंदू आपापल्या गतीने घालतो, त्यात हलगर्जीपणाचा संबंध नव्हता. तेव्हापासून कुणाची नोंद, हे लिहून त्या माणसापुरती दुरुस्ती करायची पद्धत पडली. किनब्रुक तोवर हयात नव्हता.

बेसेलचा धडा खगोलशास्त्राने घेतला. आपल्या खात्यांनी अजून मॅस्कलिनची वही सोडलेली नाही.

बस आगाराचं उदाहरण पाहू. एका मार्गावर तासाला सहा बस सुटतात. म्हणजे दर दहा मिनिटांनी एक, आणि थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल, असा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात दोन बस एकमेकींना चिकटून येतात आणि मग बराच वेळ काहीच येत नाही. यात ड्रायव्हरचा दोष नसतो. पुढची बस जराशी रखडली की थांब्यावर गर्दी साचते, ती चढवताना बस आणखी रखडते, आणि मागच्या बसला उतारूच कमी मिळाल्याने ती भराभर येऊन पुढचीला गाठते. समजा दोन बसमधलं अंतर एकदा १ मिनिट आणि एकदा १९ मिनिटं असं होत राहिलं. तासाला बस सहाच. आगाराची वही सांगणार, सरासरी अंतर १० मिनिटं, फेऱ्या शंभर टक्के. पण थांब्यावर येणाऱ्या दर वीस जणांपैकी एकोणीस जण त्या लांब अंतरात सापडतात आणि सरासरी साडेनऊ मिनिटं ताटकळतात. सगळ्यांची सरासरी काढली तरी नऊच्या वर जाते. वही पाच म्हणते, माणूस नऊ म्हणतो. ‘बस कधी वेळेवर येतच नाही’ हे आपण प्रवाशाचं रडगाणं समजतो, पण या उदाहरणात गणित त्याच्या बाजूने आहे. आगार बसगाड्यांची सरासरी काढतं, प्रवासी माणसांची.

रेल्वेचं निराळं. मुंबईकर लोकलला ‘८.४७ची फास्ट’ असं मिनिटासकट हाक मारतो, इतका त्याचा काट्यावर जीव. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा वक्तशीरपणा मोजताना मात्र रेल्वेने वर्षानुवर्षं शेवटच्या स्थानकावरची वेळ धरली. मग वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला सढळ मिनिटं ठेवायची युक्ती सुचणं ओघानेच आलं. मुंबईला येणाऱ्या गाडीला दादर ते सीएसएमटी एवढ्याशा अंतराला दिलेला वेळ आणि जाणाऱ्या गाडीला त्याच अंतराला दिलेला वेळ शेजारी ठेवून पाहा. वाटेत अर्धा तास उशीर झालेली गाडी तिथे आपलं नाव राखू शकते. नाशिकला किंवा कल्याणला उतरून गेलेल्या माणसाचा अर्धा तास कुठेच जमा होत नाही.

सगळ्यात बोचतं ते सरकारी खिडकीवर. एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात माझ्या पुढे एक मावशी होत्या. पहिल्या एसटीने आलेल्या. केस पेपरची खिडकी उघडायच्या कितीतरी आधीपासून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन माणसांची जागा राखायला आपली पिशवी आणि एक चप्पल ओळीत ठेवलेली. त्यांचा नंबर लागल्यावर संगणकातून कागद निघाला, त्यावर छापलेली वेळ ९.४८. डॉक्टरांनी तपासलं साडेदहाच्या आत. रुग्णालयाने उद्या आपली कामगिरी काढली तर ही बाई पाऊण तासाच्या आत तपासून झालेली रुग्ण म्हणून गणली जाईल, आणि ती नोंद खोटी म्हणता येणार नाही. मुहूर्ताची वेळ मोजायला तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडतात; सोडणाऱ्याने ते हवं तेव्हा सोडायचं ठरवलं, तर मुहूर्त कधी टळतच नाही.

कायद्यातसुद्धा हे पात्र आहे. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम हा चांगला कायदा आहे, हे आधी सांगतो. दाखला किती दिवसांत द्यायचा हे तो बांधून देतो, न दिल्यास अपील आहे, अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण मुदत सुरू होते ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. वाजवी अट आहे, अपुऱ्या कागदांवर दाखला कसा देणार? पण अर्ज त्रुटी काढून परत गेला की अर्जदाराच्या डोक्यातलं घड्याळ चालूच राहतं आणि कार्यालयाचं पुन्हा शून्यावर येतं. एकेक त्रुटी एकेका खेपेला सांगितली तर एखाद्या दाखल्याला दोन महिने लागूनही नियमाप्रमाणे तो मुदतीत दिलेला असतो. तालुक्याच्या गावी खेपा घातलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की माणसाला काय वाटतं यावर प्रशासन चालत नाही, प्रत्येकाचं वाटणं वेगळं. बरोबर आहे. म्हणूनच मी भावना मोजायला सांगत नाही. मावशी आवारात कधी आल्या ही वेळ आहे, आकड्यात लिहिता येते. पहिला अर्ज कधी दिला ही तारीख आहे. थांब्यावरचा उतारू किती थांबला हे बसमधल्या जीपीएसच्या नोंदीवरून बऱ्यापैकी काढता येतं. हे सगळे आकडेच आहेत, फक्त खिडकीच्या बाहेरचे.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जाणिवेचं हे शास्त्र खाजगी कंपन्यांना चांगलंच अवगत आहे आणि त्या त्याचा वापर वेळ कमी करण्याऐवजी ती कमी वाटावी यासाठी करतात. लिफ्टशेजारचा आरसा, हेल्पलाइनवरचं संगीत, ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. उद्या सरकारी कार्यालयांनीही प्रतीक्षागृहात टीव्ही लावून प्रश्न सुटला म्हणू नये. स्वच्छ बाक, पंखा आणि पिण्याचं पाणी हवंच. पण ती माणुसकी झाली, तिने वाट पाहण्याचा वेळ घटत नाही. इंडिकेटरवर ‘२ मिनिटं’ पाच मिनिटं टिकून राहिली की लोकांचा काट्यावरचाच नव्हे, पाटीवरचाही विश्वास उडतो.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. टोकन यंत्र खिडकीपाशी न ठेवता फाटकापाशी ठेवावं आणि ते खिडकी उघडायच्या आधीपासून चालू असावं. बँकांकडे ही यंत्रं कधीपासून आहेत. सेवा हक्काच्या अर्जावर पहिल्या सादरीकरणाची तारीख कायम राहावी, त्रुटी एकाच वेळी लेखी सांगाव्यात आणि अर्जदाराने कागद आणायला घेतलेले दिवस वेगळे दाखवून वजा करावेत. बेसेलने सुचवली ती दुरुस्ती याच जातीची होती. बस आणि रेल्वेने आपल्या सरासरीशेजारी प्रवाशाची सरासरीही छापावी.

कुणी म्हणेल, लोक उगाच पहाटे पाचला येऊन बसतात, ते तास कार्यालयाच्या माथी का? कारण दिवसाला मोजकेच नंबर देतात आणि ते संपतील ही धास्ती कार्यालयानेच निर्माण केलेली आहे. पहाटे पाचची गर्दी ही त्या धास्तीची नोंद आहे, ती पुसून टाकली तर नंबर वाढवायची गरज कुणाला दिसणार?

हे आकडे निघाले तर पहिल्या महिन्यात भयंकर दिसतील. बैठक बोलावली जाईल आणि पहिली नोटीस जाईल ती खिडकीवरच्या कारकुनाला. तिथे सावध राहायला हवं. त्याच्या शेजारची दोन टेबलं कित्येक वर्षं रिकामी असतील, सर्व्हर दिवसातून तीनदा झोपत असेल आणि डॉक्टर एकाच वेळी दोन विभाग सांभाळत असतील. त्या कारकुनाचा किनब्रुक करून प्रश्न मिटवायचा मोह सगळ्यांनाच होईल. त्याऐवजी त्या बैठकीत मावशींच्या तासांचा कागद रिक्त पदांच्या यादीला टाचणीने जोडून वर पाठवला पाहिजे.